जुनी आलिशान एसयूव्ही ऑफ-रोडिंगसाठी घडवताना: डिस्कव्हरी, प्राडो, फॉर्च्युनर की एंडेव्हर?

सोलापुरात राहून जुनी आलिशान एसयूव्ही घ्यावी आणि तिच्यात हवे ते बदल करून ती माळरानावर, ओढ्यानाल्यांत चालवावी, असा बेत करणाऱ्यासमोर साधारणपणे चार नावे येतात: लँड रोव्हर डिस्कव्हरी ४, टोयोटा लँड क्रूझर प्राडो, टोयोटा फॉर्च्युनर आणि फोर्ड एंडेव्हर ३.२. यांपैकी शेवटच्या दोघींना आलिशान म्हणावे की नाही, यावर चौकात वाद रंगू शकतो. पण जुन्या बाजारात एकाच रकमेच्या आसपास या चौघी भेटतात, आणि म्हणून त्यांची तुलना एकत्रच करावी लागते. मूळ किंमत कितीतरी जास्त असलेली डिस्कव्हरी तिच्याच वयाच्या फॉर्च्युनरइतक्या किंवा त्याहूनही कमी पैशांत मिळू लागते, हेच या मोहाचे मूळ आहे.

या लेखाचे म्हणणे आधीच सांगतो. गाडीची रस्त्याबाहेरची ताकद लोखंडात आहे की सेन्सरांत, हा प्रश्न बिल्ल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. ज्यांना गाडीत बदल करायचे आहेत त्यांनी लोखंडाची गाडी घ्यावी, आणि ज्यांना सेन्सरांची गाडी आवडते त्यांनी तिच्यात बदल करण्याचा विचार सोडून द्यावा.

आपली जमीन काय मागते

ऑफ-रोडिंगचे बरेचसे सल्ले वाळवंट, बर्फ किंवा घनदाट जंगल डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. सोलापूर जिल्ह्याचा पाया बेसाल्ट खडकाचा आहे आणि पाऊस कमी. त्यामुळे येथे प्रामुख्याने तीन प्रकारची जमीन लागते. पहिली मुरमाड माळाची, जिथे धारदार दगड आणि वेड्या बाभळीचे काटे टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात. दुसरी काळी, भारी जमीन. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत गच्च भरते आणि दोन-चार फेऱ्यांत चांगला टायरही गुळगुळीत करून टाकते. अशा ठिकाणी गाडी दोन इंच उचललेली असणे फारसे कामाला येत नाही. खाचा रुंद असणे, हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवणे आणि चाक संथ पण न थांबता फिरत राहणे हेच उपयोगी पडते. तिसरी जमीन उजनी जलाशयाच्या काठची. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघडा पडलेला गाळ वरून तडकलेला आणि टणक दिसतो, पण खाली ओल टिकून असते, आणि तिथे अडीच टनांची गाडी आत गेली की ती बाहेर काढायला वस्तीवरचा ट्रॅक्टरच लागतो. विंच (दोराने गाडी खेचून काढणारे यंत्र) कितीही महाग असो, तिला बांधायला आसपास झाड नसते.

या सगळ्यावर चाळीस अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा. लो रेंजमध्ये (कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या गिअरांत) ताशी पाच-सात किलोमीटर वेगाने एसी लावून चढ चढताना रेडिएटरला वारा मिळत नाही आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल तापते. म्हणून कूलिंगची स्थिती ही आपल्याकडे शोभेची नव्हे, तर निवडीची कसोटी आहे.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा गवताळ भाग आणि वनखात्याच्या इतर जमिनी या खेळासाठी नाहीत, हेही येथेच नोंदवून ठेवतो. माळ ओसाड दिसला म्हणजे तो मोकळा असतो असे नाही.

डिस्कव्हरी ४: सगळे काही आधीच असलेली गाडी

२००९ ते २०१६ या काळात बनलेल्या डिस्कव्हरी ४ चे तीन लिटरचे व्ही-सिक्स डिझेल इंजिन, चारही चाकांवरचे एअर सस्पेन्शन, लो रेंज आणि जमिनीचा प्रकार निवडण्याची टेरेन रिस्पॉन्स ही प्रणाली, हा संच आजही दबदबा राखून आहे. बटण दाबल्यावर गाडी उंच होते, सातशे मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, आणि सात माणसे बसवून हैदराबादला दमवणूक न होता पोहोचवते. प्रवासातला आराम हाच निकष असता, तर ही तुलना येथेच संपली असती.

अडचण बदल करताना सुरू होते. ही गाडी उंच करण्याचा लोकप्रिय उपाय म्हणजे उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या दांड्या वेगळ्या लांबीच्या बसवणे. तेवढ्याने संगणकाची फसगत होते आणि गाडी कायम वर राहते, पण त्याबरोबर अलाइनमेंट बिघडते, सांध्यांवर ताण येतो आणि रबरी एअर स्प्रिंग ज्या मर्यादेत काम करण्यासाठी बनलेला आहे, त्याच्या टोकावर तो सतत ताणलेला राहतो. आधीच उन्हाने कोरड्या पडलेल्या रबराला हे मानवत नाही. एअर स्प्रिंग झिरपू लागला की कॉम्प्रेसर वारंवार चालतो आणि एक दिवस बंद पडतो. मग गाडी खाली बसते, आणि ती ज्या ठिकाणी बसते तिथून टोइंगवाल्यालाही नेता येत नाही. तीन लिटरच्या इंजिनाचे मोठे ब्रेक लक्षात घेता एकोणीस इंचांपेक्षा लहान रिम बसवणेही सहसा जमत नाही, म्हणजे काटे आणि दगडांपासून वाचवणारी टायरची जाड भिंत येथे मुळातच कमी मिळते.

या इंजिनाच्या क्रँकशाफ्टबद्दलची, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याबद्दलची भीती ही निव्वळ अफवा नाही. शाफ्ट तुटण्याची प्रकरणे जगभर झाली आहेत, आणि सूचना न देता घडणारा हा दोष दुरुस्त करण्याचा अर्थ बहुधा दुसरे इंजिन असाच होतो. टायमिंग बेल्ट मुदतीत बदललेला आहे का, तेल वेळच्या वेळी बदलले गेले आहे का, हे कागदावर सिद्ध होत नसेल तर गाडी पाहायलाही जाऊ नये. काही मोठ्या कामांसाठी मिस्त्री या गाडीची बॉडी चासीवरून उचलणेच पसंत करतात. असे काम उघड्यावरच्या गॅरेजात होत नाही, त्यासाठी पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. शिवाय या मॉडेलच्या उत्तरार्धात लो रेंज नसलेल्या ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या गिअरपेटीचा) पर्यायही कंपनीने दिला होता. जाहिरातीत फोर बाय फोर लिहिले आहे म्हणून लो रेंज आहेच असे धरू नये, बटण स्वतः पाहावे.

तरीही ही गाडी घेण्याचे एक कारण उरते: जे मिळाले आहे ते तसेच ठेवून, चांगले टायर घालून ती चालवणे. तशी ती उत्तम आहे.

प्राडो आणि फॉर्च्युनर: एकाच घरातल्या दोघी

२००९ नंतरच्या प्राडोमध्ये आणि २००९ ते २०१६ च्या पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरमध्ये तीन लिटरच्या त्याच कुळातले डी-फोर-डी इंजिन आहे. दोघींना शिडीसारखी चासी, मागे अखंड एक्सल आणि कॉइल स्प्रिंग, कायम चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर यंत्रणा, मधल्या डिफरन्शियलचे (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचे) लॉक आणि लो रेंज आहे. प्राडोची चाल अधिक मऊ, आतली जागा अधिक शांत आणि बांधणी अधिक मजबूत वाटते. पण प्राडो पूर्ण तयार स्थितीत आयात होत असे, त्यामुळे भारतात ती कमी आहे, जुनी प्राडो किंमत सोडत नाही आणि हेडलाइट किंवा दरवाजा लागला तर तो मागवून वाट पाहावी लागते. फॉर्च्युनरचे सुटे भाग मात्र सोलापुरात मिळतात, आणि तिचे पुढचे बुश बदलणारा मिस्त्री शोधावा लागत नाही. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखानदारी आणि राजकारण या दोहोंनी या गाडीचे ज्ञान गावोगाव पोहोचवले आहे, एवढे श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

बदलांच्या दृष्टीने पहिल्या पिढीची फॉर्च्युनर ही या चौघींतली सर्वांत कृतज्ञ गाडी आहे. कारखान्यातून ती सतरा इंची रिम आणि २६५/६५ मापाच्या टायरवर येते, म्हणजे मूळ मापातच उंच भिंतीचा ऑल-टेरेन टायर बसतो आणि कायद्याचाही प्रश्न येत नाही. मागच्या एक्सलला कारखान्याचे लॉक नाही, ही तिची खरी उणीव. एक चाक हवेत गेले की ताकद तिकडे वाया जाते. बाजारात मिळणारे लॉक बसवून ती भरून काढता येते, आणि बजेटमध्ये एकच मोठा बदल बसत असेल तर तो हाच असावा, उंची वाढवणारे किट नव्हे. उंची वाढवायचीच असेल तर चाळीस-पन्नास मिलिमीटरांवर थांबावे, कारण पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने त्यापलीकडे गेल्यास ड्राइव्ह शाफ्टचे कोन तीव्र होतात आणि सीव्ही जॉइंट (त्या शाफ्टचे सांधे) लवकर जातात.

या इंजिनाचा जुना दोष इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरांचा आहे. ते गळू लागले की जळालेला वायू तेलात उतरतो, तेलाचा घट्ट काळा गाळ बनतो आणि ऑइल पंपाची जाळी बुजते. गाडी घेतल्यावर पहिल्याच सर्व्हिसमध्ये वॉशर बदलून सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) उघडून पाहिला तर पुढची मोठी चिंता टळते. २०१६ च्या अखेरीस आलेली २.८ लिटरची दुसरी पिढी अधिक सफाईदार आहे, पण तिची फोर बाय फोर यंत्रणा अर्धवेळची आहे, म्हणजे डांबरी रस्त्यावर ती चारही चाकांवर चालवायची नसते, आणि जुन्या बाजारातही तिची किंमत इतकी टिकून आहे की बदलांसाठी हाती फारसे उरत नाही.

एंडेव्हर ३.२: कागदावर जिंकणारी

एंडेव्हरची पाच सिलिंडरची ३.२ लिटर आवृत्ती भारतात २०१६ ते २०२० या काळात विकली गेली. २०० पीएस ताकद, ४७० न्यूटन मीटर टॉर्क, २२५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, आठशे मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, लो रेंज आणि मागच्या एक्सलचे विद्युत लॉक, हे सगळे ती कारखान्यातूनच घेऊन येते. म्हणजे फॉर्च्युनरमध्ये जे नंतर पैसे मोजून बसवायचे, ते येथे आधीच आहे, आणि शिडीची चासी असल्याने त्यावर आणखी भर घालायलाही ती तयार आहे. मागच्या अखंड एक्सलला वॉट्स लिंकेज (एक्सलला बाजूला सरकू न देणारी दांड्यांची जोडणी) असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर मागची बाजू कमी उसळते. अक्कलकोट किंवा करमाळ्याच्या आतल्या रस्त्यांवर हा फरक मागे बसलेल्यांना पहिल्या तासातच जाणवतो.

प्रश्न आहे तो कंपनीचा. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. नेहमीचे भाग मिळतात, पण बॉडीचे पत्रे आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांच्यासाठी थांबण्याची तयारी हवी, आणि ऑफ-रोडिंग करणाऱ्याच्या गाडीला पत्र्याचे काम नेमके जास्त लागते. या इंजिनाची आणखी एक खोड स्थानिक मिस्त्रीला आवर्जून सांगावी लागते: ऑइल बदलताना जुने तेल काढून सम्प बराच वेळ रिकामा ठेवला तर ऑइल पंप पुन्हा तेल खेचत नाही आणि इंजिन कोरडे फिरते. तेल उतरवून मिस्त्री चहाला गेला, एवढ्यावरून इंजिन जाऊ शकते.

मुख्यतः रविवारी ऑफ-रोडिंग आणि एरवी शहरात, अशी विभागणी असेल तर माझे मत एंडेव्हरच्या बाजूने आहे. ज्याची गाडी रोज शेतावर जाणार आहे आणि पुढची दहा वर्षे ठेवायची आहे, त्याने पहिल्या पिढीची फॉर्च्युनर घ्यावी. प्राडो सुस्थितीत आणि ओळखीतून मिळाली तरच.

ऑडी क्यू-सेव्हन, मर्सिडीजची जीएल किंवा बीएमडब्ल्यूची एक्स-फाइव्ह या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून अनेकजण त्यांचाही विचार करतात. क्यू-सेव्हनला लो रेंज नाही, तिघींनाही वेगळी चासी नाही, आणि रुंद, पातळ टायरांवर त्या मुरमाड रस्त्यावरही जपूनच न्याव्या लागतात. त्या महामार्गाच्या गाड्या आहेत.

बदलांचा कायदा आणि नोंदणीचा खर्च

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल यांचा मथितार्थ असा की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढचा लोखंडी बुलबार, रुंदीबाहेर येणारे टायर आणि भरमसाठ उंची या गोष्टी सर्वांत आधी नजरेत भरतात. मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर, खालून लावलेली संरक्षक प्लेट, ओढण्यासाठी भक्कम हूक, हवा भरण्याचा कॉम्प्रेसर आणि गाडी ओढायचा चांगला पट्टा यांवर खर्च केला तर आपल्या जमिनीवरची बहुतेक कामे भागतात. जो काही बदल कराल तो विमा कंपनीला लेखी कळवावा, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच बदल आडवा येतो.

दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. त्या घेताना तिकडच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि एमएच-१३ ची नोंदणी हा खर्च किमतीत धरूनच तुलना करावी. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने आपल्या जिल्ह्यातही गाड्या पाण्यात गेल्या असतील, म्हणून स्थानिक गाडीचाही सीटखालचा गालिचा उचलून गाळ आणि गंज पाहावा, डिफरन्शियलचे तेल दुधाळ तर नाही ना हे तपासावे, आणि डिस्कव्हरी असेल तर ती रात्रभर उभी करून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजावी.

पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना आयात केलेल्या चारचाकीसाठी एप्रिल २०२२ पासून चाळीस हजार रुपये शुल्क आहे, तर देशात बनलेल्या मोटारीसाठी पाच हजार. प्राडो आणि डिस्कव्हरी पहिल्या गटात येतात, फॉर्च्युनर आणि एंडेव्हर दुसऱ्या. २०१० ची गाडी पाहत असाल तर हा फरक आजच्याच किमतीतून वजा करायला सांगावा.