मॅनेज्ड स्विचच्या नावाखाली १,८७,८५६ रुपयांचा चुना

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या आमच्या क्लासला २४ पोर्टचे (केबल लावायच्या जागा) चार मॅनेज्ड पीओई स्विच हवे होते. स्विच म्हणजे कॉम्प्युटर, कॅमेरे, फोन एकाच नेटवर्कला जोडणारा डबा; मॅनेज्ड म्हणजे आत सेटिंग करता येणारा, पीओई म्हणजे त्याच केबलमधून वीजही देणारा. पुरवठादाराचं कोटेशन आलं ते असं: स्विच प्रत्येकी ३८,५०० प्रमाणे १,५४,०००, कॉन्फिगरेशनचे (सेटिंग करून देण्याचे) ४५,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २,३४,८२०. माल रॅकमध्ये (काचेच्या दाराच्या कपाटात) बसला की ऐंशी टक्के द्यायचे, म्हणजे १,८७,८५६. ते गेले. बाकी प्रकार या धंद्यातल्यांना नवा नाही. वर एक खरा, खाली तीन साधे अनमॅनेज्ड, आणि चौघांवरही ‘एल-२ मॅनेज्ड’चं स्टिकर.

वरच्या स्विचला कन्सोल पोर्ट (सेटिंगसाठी लॅपटॉप थेट जोडायची जागा) होता, खालच्या तिघांना नव्हता. कोटेशनमधल्या मॉडेलला तो असतोच. एका स्टिकरचा कोपरा सुटून खालच्या जुन्या मॉडेल नंबरची शेवटची दोन अक्षरं काचेतून दिसत होती. तिथंच दार उघडायला लावायला पाहिजे होतं, हे आता कुणी मला शिकवू नये. नीटच्या बॅचेस तोंडावर, मॅनेजमेंट मानगुटीवर, आणि रॅकची किल्ली अन् अ‍ॅडमिन पासवर्ड दोन्ही त्या पुरवठादाराच्याच खिशात. “सर, फायनल पेमेंट झालं की लगेच व्हॉट्सअ‍ॅप करतो.” आत काय केलंय ते पासवर्डशिवाय कोणी बघून दाखवावं. पासवर्ड अडकवून ठेवणाऱ्याला एक रुपयाही सोडू नका.

शेवटी रॅक उघडून वरच्या स्विचला कन्सोल केबल लावली आणि मोड बटण दाबून पासवर्ड रिकव्हरी केली. आतला कारभार बघून डोकंच फिरलं. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं. ती दाखवणाऱ्या ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ कमांडला १० ऑफिस, २० विद्यार्थी, ३० कॅमेरे, ४० फोन अशी झकास नावं, आणि २४ च्या २४ पोर्ट व्हीलॅन १ मध्येच! नुसत्या नावाने काही वेगळं होत नाही. पोर्ट ‘अ‍ॅक्सेस’ (एकाच व्हीलॅनचा) करून त्या व्हीलॅनमध्ये टाकावा लागतो, दोन स्विचमधली लिंक ‘ट्रंक’ (सगळे व्हीलॅन नेणारी) करावी लागते. खालचे तीन तर व्हीलॅनचा टॅग (डेटावरची खूण) वाचतच नाहीत, सगळ्यांसाठीचा ब्रॉडकास्ट डेटा सगळीकडे उधळतात. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या वायफायवरून कॅमेऱ्याचं लॉगिन पान उघडत होतं.

क्यूओएसची, म्हणजे फोनच्या आवाजासारख्या डेटाला आधी वाट देण्याच्या सेटिंगची, तर कमालच. ‘एमएलएस क्यूओएस’ चालू केलेलं, पण आलेल्या डेटावरचा प्राधान्याचा आकडा (डीएससीपी) मान असं सांगणारं ‘ट्रस्ट डीएससीपी’ पोर्टवर कुठंच नाही. अशा वेळी स्विच फोनच्या डेटावरचा ४६ हा आकडा पुसून शून्य करतो. म्हणजे फोन आधीपेक्षा वाईट, आणि हा म्हणतो “बीएसएनएलची लाईन खराब आहे.” कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला नाही याची अ‍ॅक्सेस लिस्ट लिहिलेली, पण एकाही इंटरफेसला (पोर्ट वा व्हीलॅनला) लावलेली नाही. लावली असती तरी पंचाईतच होती, कारण शेवटी ‘परमिट’ची (जाऊ द्या) ओळ नव्हती आणि न दिसणारं ‘डिनाय’ (अडवा) उरलेलं सगळं बंद पाडतं. ८०२.१एक्सचे, म्हणजे ओळख पटल्याशिवाय पोर्टवर कुणाला न घेण्याच्या सोयीचे, पैसे बिलात, आणि ती ओळख तपासणाऱ्या रॅडियस सर्व्हरचा पत्ताच नाही.

हँडओव्हरला (काम ताब्यात घेताना) स्वतः लॅपटॉप घेऊन बसा. प्रत्येक व्हीलॅनच्या एका पोर्टला जोडून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कोणत्या रेंजचा येतो ते बघा, मग दुसऱ्या व्हीलॅनमधल्या कॅमेऱ्याला पिंग मारा, म्हणजे तो उत्तर देतो का ते बघा. उत्तर आलं तर काम झालेलं नाही. रनिंग कॉन्फिगची (चालू सेटिंगची) फाईल पेनड्राइव्हवर घ्या. ‘राइट मेमरी’ (सेटिंग कायमचं सेव्ह) केलंय का तेही विचारा, नाहीतर लाईट गेली की सगळं साफ.

पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी वाद आहे, वकील बघा. सायबर हेल्पलाईन १९३० ला फोन लावला तर तिथं ऑनलाइन व्यवहाराचीच तक्रार घेतात. ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला, धंद्यासाठीची खरेदी म्हणून ग्राहकच नाही! ठाण्यातल्या साहेबांना स्टिकरखालचा नंबर दाखवला तर म्हणे, “स्विच चालतोय ना?” चालतोय, साहेब. फसवणुकीचं कलम ३१८ भारतीय न्याय संहितेत छापून ठेवलंय, पण ते लावायचं कोणी? या टोलवाटोलवीने माणूस थकतो. तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. नाही घेतली तर अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा.

बिलावर प्रत्येक स्विचचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो कंपनीच्या वॉरंटी पानावर पैसे देण्याआधी टाकून बघा. जीएसटी नंबर चालू आहे का तेही पोर्टलवर दिसतं.

राहिलेले ४६,९६४ रुपये मी दिलेले नाहीत. त्यावर त्याचीच वकिलाची नोटीस आलीये, व्याजासकट.