गॅलॅक्टिक हीरोज : जुनी ११० भागांची बघावी की नवी ४८ भागांची?

जुन्या ॲनिमेंपैकी, म्हणजे जपानी ॲनिमेशनपैकी, कशाचा रिमेक व्हायला हवा, हा विषय निघाला की प्रत्येकाची यादी तयारच असते. माझीही आहे, पण ती आज राहू दे. ज्या मालिकेचा रिमेक होऊन गेलाय तिच्याबद्दल लिहितो, कारण ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज बघायचीय, जुनीपासून सुरू करू की नवीपासून?’ असं ओळखीतले लोक अधूनमधून विचारतात. अंतराळातल्या दोन सत्तांच्या युद्धाची ही गोष्ट: एका बाजूला साम्राज्य आणि त्याचा सेनापती राइनहार्ट, दुसऱ्या बाजूला प्रजासत्ताक आणि त्याचा अधिकारी यांग वेन-ली. माझ्या दोन्ही बघून झाल्यात. जुनी सध्या पुन्हा चालू आहे. कल कुठे आहे ते इथेच कळलं असेल, तरी नवीवर अन्याय होऊ नये असा प्रयत्न करतो.

रिमेक बहुतेक वेळा कशासाठी होतो ते आधी बघू. २००३ची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ आली तेव्हा मूळ मांगा (जपानी चित्रकथा) अर्धवट होता, त्यामुळे तिने पुढची वाट स्वतःच काढली. २००९ची ‘ब्रदरहूड’ म्हणून गरजेची होती. ‘फ्रूट्स बास्केट’ २००१ साली २६ भागांत आटोपली, कारण मांगा तोवर संपलाच नव्हता. २०१९ ते २०२१मध्ये ती गोष्ट पडद्यावर पुरी झाली. दोन्हीकडे जुन्या मालिकेचं देणं थकलं होतं आणि नवीने ते फेडलं.

गॅलॅक्टिक हीरोजचं तसं नाही. योशिकी तानाका यांच्या मूळ कादंबरीचे दहाही खंड १९८२ ते १९८७ या काळात छापून झाले होते, आणि मालिकेची पहिली कॅसेट आली १९८८च्या डिसेंबरात. शेवट हातात ठेवूनच काम सुरू झालं आणि १९९७पर्यंत ११० भागांत तो शेवट गाठला. टीव्हीवर नाही, तर वर्गणीदारांना टपालाने घरपोच कॅसेट पाठवून. म्हणजे कथेच्या बाजूने रिमेकची काहीच निकड नव्हती. निकड होती ती चित्राची, आणि ती मात्र खरी होती.

जुनीचे पहिले काही भाग बघताना डोळ्यांना त्रास होतो, हे मान्यच करायला हवं. चौकोनी पडदा, मोजकं ॲनिमेशन, तेच तेच स्फोट पुन्हा वापरलेले. जहाजांचे तांडे म्हणजे काळ्या पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी. अ‍ॅस्टार्टेची लढाई घ्या. राइनहार्टची २०,००० जहाजं, समोर तीन तुकड्यांत विभागलेली ४०,०००. तो एकेक तुकडी वेगळी गाठून ठेचत जातो. शेवटच्या तुकडीची सूत्रं ऐनवेळी यांग वेन-लीकडे येतात. राइनहार्ट मधोमध घुसतो तेव्हा यांग आपली जहाजं दोन बाजूंना फाकवतो, ती वळसा घालून शत्रूच्या पिछाडीला येतात, आणि शेवटी दोन्ही सैन्यं एकमेकांची शेपटी धरून गोल फिरत बसतात. हा डाव जुन्यात आपल्याला मुख्यतः कंट्रोल रूममधल्या पडद्यावरच्या आकृतीवरून समजून घ्यावा लागतो. नव्या मालिकेत, म्हणजे ‘डी नॉये टेझे’त, तो डोळ्यांसमोर घडतो. प्रॉडक्शन आयजी या स्टुडिओने जहाजांना वजन दिलंय, अंतराळाला खोली दिलीय. पुढे दोन किल्ले एकमेकांसमोर उभे ठाकतात तो भाग तर नव्यातच बघावा, जुनीचा कितीही अभिमान असला तरी.

मांडणीतही नवीने डोकं चालवलंय. पहिला भाग साम्राज्याच्या बाजूने, दुसऱ्यात तीच लढाई प्रजासत्ताकाच्या बाजूने, आणि लगेच तिसऱ्या-चौथ्या भागांत राइनहार्ट आणि यांग या दोघांची पूर्वपीठिका. नव्या प्रेक्षकाला दोन्ही नायक चार भागांत ओळखीचे होतात. जुनी याबाबत अगदी निवांत आहे. माणूस आधी भेटतो, त्याचं बालपण आपल्याला कधीतरी कळतं. मला हे आवडतं, पण ‘तीन भागांत पकड घेतली नाही तर सोडून देतो’ म्हणणाऱ्यांना नाही आवडणार.

आवाजांच्या बाबतीत मी निःपक्षपाती नाही. जुन्या राइनहार्टला रियो होरिकावाचा आवाज आहे. ‘ड्रॅगन बॉल झी’ जपानीत पाहिली असेल तर व्हेजिटा म्हणून तो कानात असेल. नव्यात मामोरू मियानो आहे, ‘डेथ नोट’मधला लाइट. दोघेही उत्तम. यांगच्या बाबतीत मात्र केई तोमियामाच्या त्या कंटाळलेल्या, पेन्शनची वाट बघणाऱ्या सुरापुढे नवा यांग मला जरा जास्तच चुणचुणीत वाटतो. तोमियामा १९९५मध्ये गेले. जुन्या मालिकेत जपानमधले इतके नामवंत आवाज आहेत की तिकडचे लोक तिला गमतीने ‘व्हॉइस ॲक्टर्सची आख्यायिका’ म्हणतात. संगीताचं सांगायचं तर जुन्यात मालर, ब्रुकनर, द्वोर्झाक, शोस्ताकोविच या पाश्चात्त्य संगीतकारांच्या रचना वाजतात आणि त्यावर हजारो माणसं मरतात. नव्यात स्वतंत्र पार्श्वसंगीत आहे. वाईट नाही, भाग संपल्यावर एकही ओळ आठवत नाही एवढंच.

इथवर हिशेब जवळपास बरोबरीत होता. माझं पारडं झुकलं ते एका वैतागामुळे, आणि तो आहे चेहऱ्यांचा.

या मालिकेत नावं असलेली माणसं शेकड्यांनी आहेत. त्यातली अर्धीअधिक गणवेशातली, पुरुष, आणि जर्मन आडनावांची. (स्त्रिया दोन्हीकडे कमीच आहेत. तो दोष मूळ कादंबरीतच आहे आणि रिमेकला तो दुरुस्त करायची संधी होती.) कोण कुठल्या बाजूचा, कोणाचा कोणावर राग, कोण कोणाच्या हाताखाली, हे लक्षात राहिलं नाही तर पुढचं राजकारण डोक्यावरून जातं. आणि लक्षात ठेवायचं साधन एकच, तोंडावळा.

जुन्यातली माणसं तोंडावळ्यावरून ओळखू येतात. बिटेनफेल्ड दिसला की हा आता कोणाचं न ऐकता पुढे धावणार हे कळतं. ओबरश्टाइनच्या करड्या केसांवरून आणि निर्जीव डोळ्यांवरून तो खोलीत आल्याबरोबर अंगावर शहारा येतो. मेर्कात्सच्या जड पापण्या, बुकॉकच्या पांढऱ्या मिशा, केम्फचा धिप्पाड देह. काही जण चक्क कुरूप आहेत, काही ढेरपोटे, काहींना टक्कल पडलंय. सरकारी बैठकीत जशी माणसं असतात तशीच. शिवाय कोणी महत्त्वाचं आलं की नाव आणि हुद्दा खाली लिहून येतो.

नव्यात सगळे देखणे आहेत. सगळे म्हणजे सगळे नव्हेत, बुकॉकसारखे म्हातारे तिथेही म्हातारेच आहेत. पण मधल्या फळीतले अधिकारी, ज्यांच्यावर पुढची सगळी भिस्त आहे, ते एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत: टोकदार हनुवटी, सडपातळ बांधा, कपाळावर झुलणारी बट, फरक फक्त केसांच्या रंगात. आणि दिवे मंद करून निळसर प्रकाश टाकला की तो रंगही जातो.

आमच्याकडे नवी मालिका बघताना बायको शेजारी येऊन बसायची. तिचा एकच प्रश्न ठरलेला: “हा मघाशी मेला तोच ना?” सुरुवातीला मी सांगायचो की नाही गं, तो दुसरा. नंतर नंतर मलाही थांबवून, मागे जाऊन बघावं लागायला लागलं. रॉयेनटालचे दोन डोळे दोन रंगांचे आहेत म्हणून तो एक सुटला. जुनी लावली तेव्हा तिने हा प्रश्न जवळजवळ विचारलाच नाही. उलट “तो खवीस आला बघ” असं ओबरश्टाइनला बघून म्हणायला लागली. नाव तिला आजही येत नाही, माणूस मात्र पक्का लक्षात आहे.

हा माझा बारीकसारीक हट्ट आहे असं कोणी म्हणेल. असेलही. ज्यांना हल्लीच्या चित्रशैलीची सवय आहे त्यांना हे चेहरे सहज वेगळे कळत असतील, आणि जुन्यातले चेहरे त्यांना व्यंगचित्रासारखे वाटतील. पण ही मालिका खरी घडते कुठे, याचा विचार करा. लढाया अधूनमधून येतात. बाकी वेळ माणसं खोलीत बसून बोलत असतात. चहात ब्रँडी घालून इतिहासावर बोलतात, निवडणुकीसाठी युद्ध काढावं का यावर बोलतात, उद्या कोणाचा काटा काढायचा यावर बोलतात. रिमेकने लढाया झकास केल्या आणि खोल्यांमधली माणसं गुळगुळीत केली. माझ्यासाठी हा सौदा तोट्याचा आहे.

एक प्रसंग दोन्हीकडे लागोपाठ बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते लक्षात येईल. अ‍ॅस्टार्टेत मेलेल्या सैनिकांची शोकसभा. संरक्षणमंत्री ट्रुनिख्ट तावातावाने भाषण ठोकतोय, सभागृह उठून उभं राहतं, घोषणा सुरू होतात आणि यांग एकटा बसून राहतो. शेजारचा अधिकारी भडकतो तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच की हा स्वतंत्र देश आहे, तर उभं न राहण्याचं स्वातंत्र्यही असायला हवं. आपल्याकडे २०१६च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने थिएटरमध्ये राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि २०१८च्या जानेवारीत ते ऐच्छिक केलं. त्या मधल्या काळात कोण उभं राहिलं आणि कोण नाही यावरून झालेली भांडणं ज्यांना आठवतात, त्यांना हा प्रसंग जपानी किंवा अंतराळातला वाटणारच नाही. मग जेसिका एडवर्ड्स उठते, तिचा होणारा नवरा त्या लढाईत गेलाय, आणि ती मंत्र्याला विचारते की लोकांना मरायला पाठवणारे तुम्ही स्वतः कुठे आहात. जुन्यात तिचा चेहरा साधा आहे, दमलेला आहे. नव्यातली सुंदर दिसते, आणि मला तिथे दुःखाऐवजी आधी सौंदर्य दिसलं. बोलणं जवळपास तेच आहे.

जुनीचीही एक खोड सांगून ठेवतो, नाहीतर एकतर्फी होईल. तिचा निवेदक बखरकारासारखा आहे. त्याला पुढचं सगळं ठाऊक असतं आणि पोटात काही राहत नाही. अमुक माणूस या दारातून गेला तो परत आलाच नाही, हे तो माणूस दारातून जात असतानाच सांगून टाकतो. काहींना याचा भयंकर राग येतो. माझं मत असं की ‘कोण मरणार’ यापेक्षा ‘कसा आणि कशापायी’ हे बघायला शिकवणारी मालिका आहे ती. पण उत्कंठा हवी असेल तर ही सवय करून घ्यावी लागते.

आणि मग लांबीचा मुद्दा. ११० हा आकडा ऐकून नवीकडे वळणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी एवढंच: नवी लहान नाही, अपुरी आहे. कादंबरीच्या पहिल्या दोन खंडांना जुनीने २६ भाग घेतले, नवीने २४. वेग सारखाच. नवीची गाडी २०१८ला सुटली, २०२२पर्यंत चार टप्प्यांत ४८ भाग झाले आणि कथा चौथ्या खंडापर्यंत पोचली. पुढे सहा खंड उरतात, आणि यातली सगळ्यांत जड माणसं, सगळ्यांत जड निर्णय त्याच सहांत आहेत. नवी बघून अडकलात तर उरलेली गोष्ट जुनीत बघायची, नाहीतर कादंबरी वाचायची. दहाही खंड इंग्रजीत २०१६ ते २०१९ या काळात आलेत. मात्र अर्ध्यावर चेहरे बदलून जुनीत शिरणं जड जातं. माझ्या एका मित्राने ते केलं आणि त्याला बराच काळ कोण कोण आहे तेच कळेना.

तेव्हा १९८८चं चित्र बघून खरोखरच मन उडत असेल तर नवी लावा, वेळ वाया जाणार नाही. पण थोडा धीर धरायची तयारी असेल तर जुनी, आणि तीही एका खास क्रमाने. सुरुवात १९८८च्या ‘माय काँक्वेस्ट इज द सी ऑफ स्टार्स’ या सिनेमाने करा. साधारण तासाभराचा आहे, आणि त्यातली लढाई राव्हेलच्या ‘बोलेरो’वर चढत जाते. मग १९९३चा ‘ओव्हर्चर टू अ न्यू वॉर’ हा सिनेमा बघा. पहिल्या दोन भागांचीच गोष्ट त्यात जास्त पैसे आणि जास्त मेहनत घेऊन पुन्हा केलीय, म्हणजे जुनीने स्वतःचा रिमेक स्वतःच करून ठेवला होता. त्यानंतर थेट तिसऱ्या भागापासून मालिका लावा. ‘गायडेन’ नावाचे ५२ पूर्वकथेचे भाग शेवटासाठी ठेवा. ते आधी बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भारतात यातलं काय कुठल्या ॲपवर आहे हे हक्कांप्रमाणे बदलत राहतं, तेवढं सुरू करण्याआधी बघून घ्या. २६ भाग झाल्यावर एखाद्या रविवारी नवीचे पहिले दोन भागही लावा, अ‍ॅस्टार्टे तिथे बघण्यासारखी आहे.