१४ महिने, एक फुटलेला दिवा आणि आण्णांचं बटण

तीन तारे देतेय. गेल्या जूनमध्ये लिहिलं असतं तर पाच दिले असते. फेब्रुवारीत लिहिलं असतं तर एक, तोही हात आखडून. म्हणून मुद्दाम थांबले.

मशीन म्हणजे नेहमीचा क्लासवाल्यांचा थ्रीएलसीडी प्रकारचा प्रोजेक्टर, दिव्यावर चालणारा, उजेड कागदावर ३३०० ल्यूमेन. बाकीचे आकडे तुम्ही घेण्याआधी पाठ करणारच, ते परत लिहीत नाही. मी सांगलीत घराच्या वरच्या खोलीत आठवी ते दहावीचे विज्ञान-गणिताचे क्लास घेते. मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर आहे. मशीन घेताना त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं. किंमत ४१ हजार, तीसुद्धा सहा दुकानं पालथी घालून आणि एचडीएमआय केबल फुकट पदरात पाडून घेऊन.

छताला टांगायच्या स्टँडचे दुकानदाराने १८०० सांगितले, बसवायचे वेगळे. माळ्यावर जुन्या दिवाणाची फळी धूळ खात पडली होती. दोन दणकट ब्रॅकेट आणले, मागच्या भिंतीला सात फुटांवर फळी ठोकली आणि त्यावर मशीन ठेवलं. खाली मुलं बसतात म्हणून साखळीने बांधूनही टाकलं. पडद्याच्या जागी समोरच्या भिंतीला पांढरा डिस्टेंपर. दहा फुटांवरून सात फूट रुंद चित्र येतं, मागच्या बाकावरच्या चष्मेवाल्यालाही वाचता येतं. मशीन थोडं खाली झुकवलं की चित्राचा समलंब चौकोन होतो. तो कीस्टोन नावाच्या सोयीने सरळ करता येतो, पण अक्षरांच्या कडा जरा मऊ पडतात. एवढं चालवून घेतलं.

चालवून घेता आलं नाही ते वेगळंच. या मशीनचे तीन इवलेसे दिवे, म्हणजे चालू-बंदचा, दिव्याच्या तब्येतीचा आणि तापमानाचा, तिन्ही त्याच्या डोक्यावर आहेत. टेबलावर ठेवलंत तर दिसतील. छताला उलटं टांगलंत तरी खालून दिसतील. फळीवर ठेवलंत तर फक्त पालीला दिसतील. ज्याने कुणी हे डिझाइन केलं, त्याच्या घरी फळ्या नसाव्यात. पुढे काहीही दिवा लागणारी वस्तू आणली, अगदी मिक्सरसुद्धा, तरी मी आधी दिवा कुठल्या बाजूला आहे ते बघेन.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय? सांगते. हे मशीन बंद करायचं म्हणजे रिमोटचं बटण दाबायचं. ते विचारतं, खरंच बंद करू? पुन्हा दाबायचं. चित्र जातं, पण आतला पंखा पुढे दीड मिनिट फिरत राहतो आणि तोवर तो वरचा दिवा लुकलुकतो. लुकलुक थांबली की मगच भिंतीवरचं बटण बंद करायचं. काही नव्या मॉडेलांना थेट बंद केलेलं चालतं म्हणे, याला चालत नाही. पुस्तिकेत तसं स्पष्ट छापलंय. पुस्तिका मी फेब्रुवारीत वाचली.

आमचे आण्णा, म्हणजे माझे सासरे, यांचा घरातल्या बटणांवर पहारा असतो. टीव्ही रिमोटने बंद केला आणि भिंतीवरचं बटण राहिलं तर त्यांना झोप लागत नाही. क्लास सुटला, भिंतीवर अंधार झाला की पाचव्या मिनिटाला नाही, पाचव्या सेकंदाला खट्. मी एकदा म्हटलं, "आण्णा, पंखा फिरतोय अजून." ते म्हणाले, "अगं, चित्र गेलं, आता वीज कुणासाठी जाळायची?" खरं सांगते, मला ते पटलं होतं. काटकसरीत मी त्यांचीच सून आहे.

दोन बॅचच्या मध्ये दहा मिनिटं सुट्टी असते. त्या सुट्टीतही खट्. पुढच्या बॅचला मशीन सुरू करावं तर ते ढिम्म. चार-पाच मिनिटं नुसता पंखा ओरडायचा, मग कधीतरी उजेड यायचा. मी दुकानदाराला फोन करकरून वैताग आणला. "तापलंय ताई, जरा दम खाऊ द्या," एवढंच तो म्हणायचा. आज कळतं की तो बरोबर होता. आतला दिवा उच्च दाबाचा पाऱ्याचा असतो. चालू असताना त्यात दोनशे वातावरणांच्या आसपास दाब असतो. गरम असताना त्या दाबाखालच्या वाफेत ठिणगी पडत नाही, दिवा थंड होऊन वाफ निवायला लागते. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे आपण होऊन सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

फेब्रुवारीत दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना, 'भिंगे' या धड्याची उजळणी चालू असताना फट् असा आवाज आला. अंधार. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी शिडी लावून वर चढायला निघाले आणि हात लावण्याआधीच कळलं की मशीन भाजतंय. तेव्हा तरी अक्कल सुचली, प्लग काढला आणि बॅच घरी पाठवली. असा दिवा फुटला तर माणसांना बाहेर काढून खिडक्या उघडायच्या, खोली चांगली हवेशीर होऊ द्यायची, काचा नुसत्या हाताने किंवा व्हॅक्यूमने गोळा करायच्या नाहीत आणि मशीन निदान तासभर थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही, हे दुसऱ्या दिवशी वाचलं. कारण आत पारा असतो. थोडाच असतो, पण असतो.

त्यानंतर सुरू झाली सर्व्हिसची लढाई. अधिकृत सेंटर शेजारच्या जिल्ह्यात आहे. नाव लिहीत नाही, त्यांना फुकट प्रसिद्धी कशाला. वॉरंटी कार्डावर दिव्याचं लिहिलंय: एक वर्ष किंवा ७५० तास, जे आधी होईल ते. मी म्हटलं, अजून नऊ महिनेही झाले नाहीत. काउंटरवरच्या पोराने मशीनची नोंद बघून सांगितलं, "मॅडम, ८१२ तास." मी म्हटलं, वर्षाच्या आत आहे ना? तो म्हणाला, "जे आधी होईल ते." मी पंचवीस वर्षं गणित शिकवतेय आणि तो पोरगा मला 'किंवा'चा अर्थ समजावत होता. भांडले. आवाज चढवला. शेवटी तपासणीचे ६५० रुपये भरून मशीन घेऊन परत आले. एक तारा तेव्हाचा.

आता ज्याच्यामुळे मत बदललं त्याचं. इथल्याच एका ओळखीच्या मेकॅनिकला मशीन दाखवलं. त्याने कडेची जाळी काढली, आतला स्पंजचा फिल्टर बाहेर ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, ह्यात हळद दळली व्हय?" फिल्टर पिवळाधमक. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ठाऊक आहे, अभिमानही आहे, पण ती प्रोजेक्टरमध्ये असावी असं नाही ना. यार्डातला सीझन, रस्त्यावरच्या गाड्या, आमच्या उघड्या खिडक्या. नऊ महिन्यांत मी फिल्टरला हातही लावला नव्हता. पंख्याला हवाच मिळत नव्हती. आणि आदल्या गणपतीत मंडळाच्या पोरांना मशीन दिलं होतं, त्यांनी पावसाची भुरभुर आली म्हणून वर प्लास्टिक टाकून आख्खी संध्याकाळ चालवलं होतं. तेव्हा मला पोरांच्या काळजीचं कौतुक वाटलं होतं.

म्हणजे गरम हवा बाहेर पडायला वाट नाही, थंड हवा आत यायला वाट नाही, आणि दिवा सगळ्यात तापलेला असताना रोज दोन-तीनदा पंख्याचा गळा दाबायचा. मेकॅनिक म्हणाला, ८१२ तास टिकला हेच नवल. कंपनी साध्या मोडवर ४००० तास लिहिते. मी त्या काउंटरवरच्या पोराशी भांडले त्याची थोडी लाज वाटते. थोडीच, कारण हे तीन मिनिटांत त्यालाही सांगता आलं असतं.

नवीन दिव्याचे मूळ कंपनीचे ८७०० होतात. माझ्यातली सून जागी झाली आणि मी ऑनलाइन नुसता बल्ब मागवला, तो धरणाऱ्या पिंजऱ्याशिवाय, २९०० ला. जुन्या पिंजऱ्यात बसवताना मेकॅनिकने हातमोजे घातले. बल्बच्या काचेला बोटांचं तेल लागलं की तिथेच ती जास्त तापते, असं तो म्हणाला. उजेड पिवळट पडला. म्हटलं, हळदीची सवय आहे आपल्याला. तीन आठवड्यांत चित्र थरथरायला लागलं. परीक्षा कशीबशी निभावली आणि मार्चच्या मध्याला गुपचूप ८७०० मोजले. स्वस्तातला घेऊ नकाच असं म्हणत नाही, एखाद्याचा टिकतही असेल. माझे २९०० गेले. दिवा बदलला की मेन्यूत जाऊन तासांचा आकडा शून्य करायचा, नाहीतर मशीन जुन्या दिव्याचंच वय मोजत बसतं.

मग एका रविवारी आण्णांना वही-पेन घेऊन समोर बसवलं. दीड मिनिट पंखा फिरतो, तेव्हा धरा ३० वॅट. होतात ०.०००७५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी पाऊण पैसा. आणि दिवा ८७०० चा. चार हजार तास चालला तर तासाला सव्वादोन रुपये, आपला ८१२ तासांत गेला म्हणजे तासाला पावणेअकरा. दहा मिनिटांच्या सुट्टीत मशीन चालूच ठेवलं तर सगळं मिळून ३०० वॅटने ५० पैसे जातात, पण दिवा पुन्हा पेटवायची झीज वाचते. आण्णांनी आकडेमोड दोनदा तपासली. मग म्हणाले, "पाऊण पैसा तरी कोण फुकट देतं?" पण त्या दिवसापासून त्यांनी खट् करण्याआधी मला विचारायला सुरुवात केली. मलाही कुठे कळत होतं? दिवा वर, आम्ही खाली. पंख्याचा आवाज रस्त्यावरच्या ट्रॅक्टरमध्ये ऐकू येत नाही.

उपाय घरातच निघाला. सासूबाईंची जुनी फणेरपेटी कपाटात होती, तिच्यातला आरसा फळीवरच्या भिंतीला तिरका लावला. गरम हवेच्या झडपेपासून लांब आणि भिंगाच्या मागे, म्हणजे उजेड त्यावर पडत नाही. आता खालच्या खुर्चीवरून तिन्ही दिवे दिसतात. ४१ हजारांच्या मशीनची खोड अशी काढावी लागते.

बाकी ज्या सवयी लागल्या त्या भराभर सांगते. हळदीच्या सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याला, मशीन थंड असताना फिल्टर काढून मऊ ब्रशने झाडते. धूळ उडवायचा कॅनमधला स्प्रे आत मारू नका, त्यातला वायू पेट घेणारा असू शकतो आणि आत दिवा तापलेला असतो. थोडा वेळ चित्र नको असेल तर भिंगासमोर वही उभी करत होते, एकदा तिचं कव्हर वितळून चिकटलं. रिमोटवर चित्र झाकायचं बटण असतं, ते वापरा. धाकट्या वर्गातली पोरं उजेडात हात घालून हरणं-ससे करतात, करू द्या, पण तोंड भिंतीकडे. भिंगात डोळा लावायचा नाही, 'आत काय दिसतं' म्हणूनसुद्धा नाही. केबल लावताना बोटांना मुंग्या आल्या तर मशीनला नावं ठेवू नका, आधी अर्थिंग तपासून घ्या. आमच्या बोर्डाला ते नव्हतंच, आणि मी तिसरी पिन गाळणारा कनेक्टर लावला होता. वीज गेली की पंखाही जातो, म्हणून जुना यूपीएस फळीखाली टांगलाय. तो पाचच मिनिटं टिकतो, पण गार व्हायला तेवढी पुरतात.

इको मोडवर चालवते, भिंत थोडी मंद दिसते, मुलांनी तक्रार केलेली नाही. नव्या दिव्याचे ३८० तास झालेत. चित्र अजून पहिल्या दिवसासारखं. रक्ताभिसरणाचं ॲनिमेशन लावलं की मागच्या बाकावरची कुजबुज थांबते, त्यासाठी पैसे वसूल. एक तारा सर्व्हिस सेंटरसाठी कापला. दुसरा त्या डोक्यावरच्या दिव्यांसाठी, आणि तो मी कधीच परत देणार नाही.

परवा मंडळाची पोरं पुन्हा आली होती, यंदाही द्या म्हणून. मी काही बोलायच्या आत आण्णांनी त्यांना फळीखाली उभं केलं, वरच्या आरशाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे लुकलुकायचं थांबलं की मग बटण. आधी हात लावला तर ८७०० तुमच्या वर्गणीतून." मग स्वतःच मशीन लावलं, बंद केलं, आणि दीड मिनिट मान वर करून त्या आरशात बघत उभे राहिले.