बिल्डरच्या ड्रेनेज लाइनला जागा देण्याआधी हे वाचा

दहिसर गावठाणात आमची वडिलोपार्जित जागा आहे. मागे टॉवर उभा राहिला आणि त्याची ड्रेनेज लाइन आमच्या अंगणातून गेली. ठरले होते 8 लाख, हातात पडला 1 लाख. तुमच्या दारात सध्या असा कोणी चकरा मारत असेल, तर सही करण्याआधी हे वाचा.

मलपाणी उतारानेच वाहतं. आमच्या अंगणातून महापालिकेचं मॅनहोल हाकेच्या अंतरावर. रस्त्याने न्यायचं तर लांबचा वळसा, जास्त खोल खोदाई, रस्ता फोडायची परवानगी आणि तो पूर्ववत करण्याचे चार्जेस. शिवाय ड्रेनेजचं काम पूर्ण झाल्याचा दाखला नसेल तर ओसी, म्हणजे इमारतीत राहायला जायचा पालिकेचा दाखला, अडते. गरज पूर्णपणे बिल्डरची होती. पण त्यांचा लायझनिंगवाला, म्हणजे परवानग्यांची कामं करणारा माणूस, आमच्या थोरल्या काकांना सांगायचा, "काका, नाही म्हणालात तर पालिकेची ऑर्डर आणू, मग एक रुपयाही मिळणार नाही." ही निव्वळ दमदाटी. महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात दुसऱ्याच्या जागेतून लाइन नेण्यासाठी आयुक्तांकडे अर्ज करायची सोय आहे, पण त्यात जागामालकाचं म्हणणं ऐकावं लागतं आणि भरपाईचाही विचार होतो. हे तो कशाला सांगेल?

काकांनी नोटरी केलेल्या कागदावर सही केली. कागदात नुसतं "ड्रेनेज लाइन". पाइप किती इंची, चेंबर किती, कोणत्या इमारतीचं पाणी, तुंबलं तर दुरुस्ती कोणाची, काहीच नाही.

पावसाळ्यात खोदकाम बंद होतं म्हणून मे महिन्यात धावपळ सुरू झाली. चुन्याची रेघ कुंपणाला लागून मारली होती; चर मात्र थेट तुळशीवृंदावनाशेजारून गेला. बोलणं सहा इंची पाइपचं, टेम्पोतून उतरले बारा इंची. एका चेंबरचं झाकण बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आलं. पाऊस जोरात लागला की तिथून वास येतो आणि खिडकी लावून स्वयंपाक करावा लागतो.

पैशांचा डाव त्याहून पक्का होता. उरलेल्या 7 लाखांचा चेक दिला, तोही त्या प्रकल्पापुरत्या काढलेल्या एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी फर्मचा. तारीख आली की फोन: "चेक टाकू नका, आठवड्यात आरटीजीएस करतो." मग पार्टनर गावाला, मग ऑडिट, मग गणपती. चेकची मुदत तीन महिने. ती उलटली की बँक घेत नाही आणि चेक न वटल्याबद्दल कलम 138 खाली केस करायची वाटही बंद होते. ते नेमकं तेवढंच थांबले, मग फोन उचलणं बंद. गरज सरो, वैद्य मरो!

पाइप उखडून टाकू म्हटलं, तर वकिलांनी सुविधाधिकार कायदा, 1882 मधलं कलम 60 दाखवलं. परवानगीच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायमचं काम केलं, की ती परवानगी सहजी मागे घेता येत नाही. म्हणजे तुमचं वजन आहे ते पहिली कुदळ पडेपर्यंतच. पूर्ण रक्कम खोदाईआधी खात्यात जमा झाली पाहिजे. करार नोंदणीकृत हवा, सोबत लाइनचा नकाशा जोडलेला हवा आणि प्रॉपर्टी कार्डावरच्या सगळ्यांच्या सह्या हव्यात.

आता दुसऱ्या विंगची लाइन आमच्याच अंगणातल्या चेंबरला जोडायची आहे, म्हणून तोच माणूस पुन्हा आला. मागचे 7 लाख व्याजासकट जमा करा, खिडकीखालचं चेंबर हलवा, मगच बोलू, असं या वेळी काकूंनी त्याला उभ्या उभ्या सांगितलं. वसुलीच्या दाव्याचे कागदही वकिलांकडे दिले आहेत.