ओव्हरड्राफ्ट गृहकर्ज पहिल्या घरासाठी घ्यावं का? बांधकामापासून ताब्यापर्यंत आणि नंतरच्या वापराचा अनुभव

गृहकर्जाचा हा प्रकार सगळ्यांसाठी नाही, हे आधीच सांगतो. स्टेट बँकेचं मॅक्सगेन, बँक ऑफ बडोदाचं होम लोन ॲडव्हांटेज, आयडीबीआयचं इंटरेस्ट सेव्हर ही याच कुळातली नावं. हातातले जादा पैसे कर्जखात्यात किंवा त्याला जोडलेल्या खात्यात ठेवायचे, तेवढ्या रकमेवर रोजच्या हिशेबाने व्याज लागत नाही आणि गरज पडली की ते पैसे परत काढता येतात. माहितीपत्रकात एवढंच असतं. वापरायला लागल्यावर मात्र बऱ्याच गोष्टी वेगळ्या दिसतात.

उदाहरण पुणे महापालिका हद्दीतल्या, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं घेतो. करारातली किंमत 62 लाख 50 हजार. कर्ज 30 ते 75 लाखांच्या दरम्यान असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे इथे 50 लाख. स्वतःचे साडेबारा लाख. त्यावर पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 4,37,500 (फक्त स्त्रीच्या नावावर घर असेल तर 1 टक्का कमी), नोंदणी फी कमाल मर्यादेनुसार 30,000 आणि जीएसटी 5 टक्के म्हणजे 3,12,500. घर 45 लाखांच्या आत आणि पुण्यात 90 चौरस मीटर कार्पेटपर्यंत (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) असेल तरच जीएसटी 1 टक्का होतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत तो लागतच नाही. सगळं धरून खिशातले 20 लाख 30 हजार लागतात. शिवाय कर्जाच्या गहाणावर 0.3 टक्के मुद्रांक, म्हणजे 15,000, आणि गहाणाची सूचना 30 दिवसांत नोंदणी विभागाकडे दाखल करायची. ‘बँक 80 टक्के देते’ एवढ्यावर हिशेब मांडणारे याच टप्प्यावर अडकतात आणि मग वरच्या रकमेसाठी पर्सनल लोन काढतात. तसं करून ओव्हरड्राफ्ट कर्ज घेण्यात काही अर्थ नाही, कारण ठेवायला जादा पैसेच उरत नाहीत.

आता दराचा फरक. ओव्हरड्राफ्ट प्रकाराचा व्याजदर साध्या कर्जापेक्षा थोडा चढा असतो. हिशेबासाठी साधं 7.75 टक्के आणि ओव्हरड्राफ्ट 8 टक्के धरू, मुदत 20 वर्षं. हप्ता साध्याला 41,047 आणि ओव्हरड्राफ्टला 41,822. महिन्याचे 775 रुपये जास्त, पहिल्या वर्षी व्याजात सुमारे साडेबारा हजारांचा फरक.

हा फरक भरून काढायला सरासरी किती पैसे खात्यात पडून असायला हवेत? साडेबारा हजार भागिले 8 टक्के, म्हणजे 1,56,250. बँकेचे विक्री अधिकारी हाच आकडा सांगतात. पण तो फक्त बचत खात्यात शून्याच्या आसपास व्याजावर पडलेल्या पैशाला लागू होतो. तेच पैसे तुम्ही 6.5 टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवणार असाल आणि 30 टक्क्यांच्या कर टप्प्यात असाल, तर उपकरासह कर जाऊन हातात साधारण 4.47 टक्के उरतात. मग ओव्हरड्राफ्टचा खरा फायदा 8 वजा 4.47, म्हणजे साडेतीन टक्के, आणि बरोबरी व्हायला सरासरी साडेतीन लाख रुपये कायम पडून हवेत. ज्यांच्याकडे एवढी रक्कम वर्षभर राहत नाही त्यांनी या कर्जाच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पगार कर्जखात्यात वळवा आणि खर्च क्रेडिट कार्डाने करा, म्हणजे व्याज वाचेल, हा सल्लाही खूप दिला जातो. करून पाहण्यात तोटा नाही, पण आकडा छोटा आहे. पगार 1,20,000 असेल तर हप्त्याची रक्कम तशीही याच खात्यात जाणार आहे. उरलेले 78 हजार महिन्याभरात हळूहळू खर्च होतात, म्हणजे सरासरी 39 हजार पडून. वर्षाचं वाचलेलं व्याज तीन हजारांच्या आसपास. खरा फायदा मोठ्या, थांबलेल्या रकमेचा आहे: आणीबाणीचा निधी, बोनस, गावाकडची जमीन विकून आलेले पण अजून कुठे लावायचे न ठरलेले पैसे, मुलांच्या प्रवेशासाठी जमवलेली रक्कम. दोन लाख रुपये वीस दिवस ठेवले तरी 877 रुपये व्याज कमी लागतं, आणि त्यासाठी कुठलीही मुदत पाळावी लागत नाही.

खातं वाचायला शिकणं हा या कर्जातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी भाग. साध्या कर्जात एकच आकडा असतो, बाकी. इथे तीन असतात: ड्रॉइंग पॉवर, पुस्तकी बाकी आणि उपलब्ध रक्कम. ड्रॉइंग पॉवर म्हणजे मूळ वेळापत्रकाप्रमाणे आज जेवढं कर्ज शिल्लक असायला हवं तेवढं. दर महिन्याला हप्त्यातल्या मुद्दलाएवढी ती उतरते. पुस्तकी बाकी म्हणजे ठेवलेले जादा पैसे वजा जाऊन प्रत्यक्ष उरलेलं कर्ज, आणि या दोघांतला फरक म्हणजे काढता येणारी उपलब्ध रक्कम. पहिल्या महिन्याच्या 41,822 मध्ये व्याज 33,333 आणि मुद्दल फक्त 8,489; म्हणजे पहिल्या महिन्यानंतर ड्रॉइंग पॉवर 49,91,511. पूर्ण कर्ज उचलल्यावर लगेच 5 लाख जादा ठेवले आणि वर्षभर हात लावला नाही, तर बारा हप्त्यांनंतर ड्रॉइंग पॉवर साधारण 48,94,000, पुस्तकी बाकी 43,52,800 आणि उपलब्ध रक्कम 5,41,500 च्या आसपास दिसेल. वरचे 41,500 म्हणजे वाचलेलं व्याज. हप्ता ठरलेलाच जातो, पण महिनाअखेरीला नावे पडणारं व्याज कमी असतं, आणि तो फरक उपलब्ध रकमेत साचत जातो.

इथेच लोकांचा गोंधळ होतो. ‘जादा भरले तरी मुदत कमी होत नाही’ अशी तक्रार होते. कागदावरची मुदत कमी होत नाही हे खरंच, कारण तुम्ही आगाऊ फेड केलेली नाही, फक्त पैसे ठेवले आहेत. ते पैसे आणि त्यांनी वाचवलेलं व्याज न काढता तसंच राहू दिलं, तर एक दिवस उपलब्ध रक्कम ड्रॉइंग पॉवरला गाठते आणि व्याज लागणं थांबतं. पण दर वर्षी साठलेले पैसे गाडीसाठी, सहलीसाठी काढत राहिलात तर वीस वर्षं पूर्ण वीस वर्षंच राहतील. ॲपमध्ये पाच लाख ‘उपलब्ध’ दिसतात तेव्हा ते स्वतःचे पैसे वाटतात. काढले की ते पुन्हा 8 टक्क्यांचं कर्ज झालेलं असतं.

म्हणून तुलना मुदत ठेवीशी नाही, साध्या कर्जातल्या आगाऊ फेडीशी करावी. व्यक्तींच्या फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जाला आगाऊ फेडीचा दंड नाही. साध्या कर्जात सुरुवातीलाच 5 लाख भरून हप्ता 41,047 तसाच ठेवला, तर 240 ऐवजी सुमारे 191 हप्त्यांत कर्ज संपतं. ओव्हरड्राफ्टमध्ये तेच 5 लाख कायम ठेवले तर जवळपास तेवढ्याच हप्त्यांत, पण दर महिन्याला 775 जास्त भरून. हे 775 रुपये म्हणजे त्या पाच लाखांच्या कुलपाची किल्ली आपल्याकडे ठेवण्याचं भाडं. नोकरी अस्थिर असेल, धंदा असेल, घरात आजारपण असेल तर हे भाडं द्यायला माझी अजिबात हरकत नाही. सरकारी नोकरी आहे आणि पैसे परत लागणारच नाहीत अशी खात्री असेल, तर साधं कर्ज घेऊन मुद्दलात भरा.

बांधकाम चालू असतानाचा काळ वेगळा सांगावा लागेल. महाराष्ट्राच्या रेरा (गृहप्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) नियमांतल्या नमुना करारात टप्पे ठरलेले आहेत: करारापूर्वी 10 टक्क्यांपर्यंत, करारानंतर एकूण 30, जोत्यापर्यंत 45, स्लॅब झाले की 70, शेवटचे 5 टक्के ताब्याच्या वेळी. बँक खरेदीदाराचा वाटा आधी संपवायला लावते. आपल्या उदाहरणात 30 टक्के म्हणजे 18,75,000. त्यात स्वतःचे साडेबारा लाख संपतात आणि बँकेचा पहिला धनादेश 6,25,000 चा निघतो. जोत्याच्या टप्प्याला आणखी 9,37,500 आणि त्यावर जीएसटी 46,875. जीएसटीचे जे 3,12,500 हळूहळू द्यायचे आहेत ते या काळात कर्जखात्यात ठेवून बिल्डरच्या दर डिमांड लेटरला (पैसे मागणाऱ्या पत्राला) काढत राहिलं, तर प्री-ईएमआय, म्हणजे पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत उचललेल्या रकमेवर भरायचं व्याज, तेवढा हलका होतो. जोत्यानंतर उचललेलं कर्ज 15,62,500 आणि त्यावर महिन्याचं व्याज 10,417. त्यात तीन लाख ठेवले तर 2,000 ने कमी.

दोन अटी आधी तपासा. काही बँका ओव्हरड्राफ्टची सोय पूर्ण कर्ज उचलल्यावरच सुरू करतात, तोवर खातं साध्या कर्जासारखंच चालतं. सँक्शन लेटरमध्ये (कर्जमंजुरीच्या पत्रात) हे लिहिलेलं असतं, तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आणि उचललेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे ठेवले तर वरच्या रकमेवर काहीच मिळत नाही. सुरुवातीला 6,25,000 उचललेले असताना 8 लाख ठेवून उपयोग नाही.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, विसरला जातो. किंमत 50 लाख किंवा वर असल्याने बिल्डरला जाणाऱ्या प्रत्येक हप्त्यातून 1 टक्का कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, पैसे बँक देत असली तरी. जोत्याच्या हप्त्याला ते 9,375 होतात. बँक बिल्डरला 9,28,125 देऊन उरलेले पैसे टीडीएस भरल्याचं चलन दाखवल्यावर देणार, की ते तुमच्या वाट्यातून जाणार, हे बँकेकडून पहिली रक्कम सुटण्याआधी शाखेत लेखी ठरवून घ्या. नाहीतर बँक पूर्ण रक्कम पाठवते आणि बिल्डरकडून पैसे परत मिळवण्यात महिने जातात. कर कापला तो महिना संपल्यावर 30 दिवसांत भरणा झाला नाही तर दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क लागतं.

रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दराशी) जोडलेल्या कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलतो. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.50 वर आला तेव्हा बऱ्याच खात्यांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत घटली. ओव्हरड्राफ्टमध्ये याचा अर्थ ड्रॉइंग पॉवर लवकर उतरते. सगळे जादा पैसे काढून वापरलेले असतील आणि हप्ता बचत खात्यातून जायचा चुकला, तर पुस्तकी बाकी ड्रॉइंग पॉवरच्या वर जाते आणि खातं थकीत दिसायला लागतं. दर बदलला की नवं वेळापत्रक मागून घ्या. हप्ता बदलायचा की मुदत, हा पर्याय बँकेने दिला पाहिजे असं रिझर्व्ह बँकेने 2023 मध्येच सांगितलं आहे.

कराच्या बाजूने, जादा ठेवलेले पैसे मुद्दलफेडीच्या कर वजावटीत (80सी) धरले जात नाहीत. जुन्या करप्रणालीत व्याजाची 2 लाखांची वजावट प्रत्यक्ष नावे पडलेल्या व्याजावरच. वर्षाच्या सुरुवातीला मिळणारं तात्पुरतं प्रमाणपत्र वेळापत्रकावरून काढलेलं असतं, त्यात व्याज जास्त दिसतं; विवरणपत्र भरताना वर्षअखेरीचं घ्या. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराला ही वजावट नाही, त्यामुळे तिथे व्याज वाचवणं जास्त मोलाचं.

कर्जासोबत गळ्यात मारला जाणारा एकरकमी हप्त्याचा विमा सक्तीचा नाही. दोन लाखांचा प्रीमियम कर्जात मिळवला तर 8 टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे चार लाख होतात. वेगळा टर्म विमा घ्या.

आणीबाणीचा सगळा निधी इथे ठेवू नये. दोन-तीन महिन्यांचा खर्च दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात असावा, कारण ड्रॉइंग पॉवर ही बँकेने दिलेली मर्यादा आहे आणि कर्ज थकल्यास बँक ती गोठवू शकते.

उपलब्ध रक्कम ड्रॉइंग पॉवरएवढी झाली म्हणजे कर्ज फिटलं असं नाही. व्याज शून्य होतं, पण घर गहाणच असतं आणि मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) बँकेच्याच तिजोरीत. खातं बंद करण्याचं लेखी पत्र द्यावं लागतं, चेकबुक परत करावं लागतं. त्यानंतर मूळ कागद 30 दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर बँकेकडून झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी, पानांच्या संख्येसह, शाखेच्या सही-शिक्क्याने घेऊन ठेवलेली असेल तर तेव्हा वाद राहत नाही.