पूर्ण लो-फ्लोअर की 70 टक्के?

टोरांटोत फिंच वेस्ट या लाइट रेल (ट्रामसारखी शहरी रेल्वे) लाइनचं टेस्टिंग चालू होतं तेव्हा फुटपाथवर उभं राहून ती 48 मीटरची गाडी रिकामीच जाताना बघितली, खरंच भारी वाटलं! तेव्हापासून मैत्रीण विचारतेय, ही 100 टक्के लो-फ्लोअर, म्हणजे आतली सगळी फरशी दाराच्याच पातळीला असलेली सिटाडिस स्पिरिट बरी की सिएटलची 70 टक्केवाली सीमेन्स एस700.

चढायला दोन्ही सारख्याच, दारात पायरी नाही. फरक आत गेल्यावर कळतो. सिएटलवालीत दोन्ही टोकांना पायऱ्या, कारण तिथे खाली मोटरच्या बोगी (डबा नव्हे, चाकं बसवलेला सांगाडा) असतात, म्हणजे स्ट्रोलर, व्हीलचेअर, गुडघेदुखीवाले आजी-आजोबा सगळे मधल्याच भागात दाटीने. स्पिरिटमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत पायरीच नाही. पण चाकं कुठेतरी बसवायला लागतातच ना, त्यामुळे पूर्ण लो-फ्लोअरमध्ये बोगीजवळ आतली जागा अडते आणि सीटची मांडणी त्यानुसारच करावी लागते.

मेंटेनन्सला 70 टक्केवाली सोपी, टोकाला नेहमीची बोगी बसते.

माझं मत, रस्त्यावरून जाणारी, जवळजवळ स्टॉप असलेली लाइन असेल तर पूर्ण लो-फ्लोअरच घ्यावी. लांब पल्ला, बसून जाणारे जास्त असतील तर 70 टक्केवाली चालेल.