अमेरिकेचं ई-मॅनिफेस्ट: आकडे फुकट, डोकं मात्र आपलं लावायचं

कुठल्या उद्योगातून किती घातक कचरा बाहेर पडतोय, वाढतोय की घटतोय, हे अमेरिकेपुरतं बघायचं असेल तर ईपीएच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या, ई-मॅनिफेस्टसारखी दुसरी जागा नाही. घातक कचऱ्याच्या खेपेसोबत जो कागद जातो तो मॅनिफेस्ट, आणि त्या कागदांची ही ऑनलाइन नोंद. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बरीच कुरकुर करणार आहे. मी पूर्वी एका टीएसडीएफच्या, म्हणजे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्लांटच्या, रिसिव्हिंगला होते. ट्रक गेटवर लागला की कागदावरचे ड्रम आणि ट्रकमधले ड्रम जुळवायचे, हे काम. आता कन्सल्टिंगमध्ये त्याच कागदांचे आलेख काढून देते. इथे एमएस करणारी आपली मुलं आणि ईएचएसमधली (कारखान्यांत पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा बघणारी) मंडळी या डेटाबद्दल सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

कायदा ऑक्टोबर २०१२ चा, प्रणाली सुरू झाली ३० जून २०१८ ला. घातक कचरा गेटबाहेर पडला की सोबत फॉर्म ८७००-२२, म्हणजे मॅनिफेस्ट, हवाच, आणि त्यावर कारखाना, वाहतूकदार आणि माल घेणारा प्लांट, तिघांच्या सह्या. हा कागद पूर्वी फायलींत नाहीतर राज्यांच्या कपाटांत पडून राहायचा. आता माल घेणाऱ्या प्लांटने तो ईपीएकडे चढवायचा आणि त्याची फीही त्यानेच भरायची. नुसता स्कॅन चढवला तर फी जास्त, सगळंच इलेक्ट्रॉनिक केलं तर सगळ्यात कमी. तरी पूर्ण इलेक्ट्रॉनिक मॅनिफेस्ट अजून मोजकेच. ड्रायव्हरच्या हातात कागद असला की सगळ्यांना बरं वाटतं, काय करणार! माल पोचल्यावर ९० दिवसांनी माहिती सगळ्यांना खुली होते. पैसे नकोत, परवानगी नको, आरसीआरएइन्फो या ईपीएच्या डेटाबेसच्या सार्वजनिक साइटवरून सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची फाइल, उतरवून घ्यायची.

आता त्यातली एक ओळ जवळून बघू. समजा एखाद्या पेंट कारखान्याची आहे. यूएन१९९३, ज्वलनशील द्रव, आत ॲसिटोन आणि टोल्युइन. १२ डीएम, म्हणजे १२ लोखंडी ड्रम. वजन ४८०० पी, म्हणजे पौंड. कचऱ्याचे कोड डी००१ (पेट घेणारा), एफ००३ आणि एफ००५ (वापरलेली सॉल्व्हंट). आणि शेवटी मालाचं पुढे काय करणार हे सांगणारा, माल घेणाऱ्याने भरलेला 'एच' कोड: एच०६१, म्हणजे फ्युएल ब्लेंडिंग. वापरून झालेलं सॉल्व्हंट आहे, ब्लेंड होऊन बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाणार, एवढं सगळं या एका ओळीतून कळतं. आता ४८०० ला १२ ने भागा. बरोबर ४००. बारा ड्रम इतके नेमके भरत नाहीत. हा वजनकाट्याचा आकडा नव्हे, अंदाजाने टाकलेला आहे. आणि नियमालाही ते चालतं. टँकरने आलेल्या मालात वजनाचा फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर 'डिस्क्रेपन्सी' लिहावी लागते, पण ड्रमच्या मालात ड्रम मोजून जुळले की विषय संपला.

शिवाय कुणी पौंडात लिहितो, कुणी टनात, कुणी गॅलनमध्ये. गॅलनचं वजन करायला घनता लागते. पाणी धरलं तर गॅलनला ८.३४ पौंड, टोल्युइन जेमतेम सव्वासात, आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड पंधराच्या वर. सगळ्यालाच पाण्याचा आकडा लावला की सॉल्व्हंटवाले उद्योग फुगतात आणि ॲसिडवाले रोडावतात. रिपोर्ट लिहिणाऱ्याने कुठली घनता धरली हे दिलेलं नसेल तर मी तो रिपोर्ट पुढे वाचत नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मॅनिफेस्टवर उद्योगाचा रकानाच नाही! कारखान्याचा ईपीए आयडी असतो, त्यावरून त्याच्या नोंदणीच्या फॉर्ममधला एनएआयसीएस कोड, म्हणजे उद्योगाचा वर्गीकरण क्रमांक, शोधायचा आणि दोन्ही टेबलं जोडायची. हा कोड कारखान्याने स्वतः भरलेला असतो. धंदा बदलला, मालक बदलला, तरी तो जुनाच राहू शकतो. म्हणून 'उद्योगनिहाय कल' म्हणून जे आलेख फिरतात त्यांचा पाया या जोडणीइतकाच पक्का असतो.

त्याहून फसवा म्हणजे एच१४१. याचा अर्थ, माल इथे फक्त उतरवला, साठवला आणि प्रक्रिया न करता पुढे पाठवला. छोट्या कारखान्यांचे दोन-दोन, चार-चार ड्रम असेच एका ठिकाणी गोळा होतात आणि नव्या मॅनिफेस्टवर मोठ्या प्लांटकडे निघतात. या दुसऱ्या फेरीत 'कचरा निर्माण करणारा' म्हणून नाव लागतं त्या गोळा करणाऱ्याचं. म्हणजे तोच ड्रम दोनदा मोजला गेला, आणि दुसऱ्यांदा भलत्याच उद्योगाच्या खात्यावर. कचरा व्यवस्थापन हाच उद्योग यादीत वर दिसायला लागला की समजावं, एच१४१ वगळायचं राहिलंय. ही गाळणी साइटनेच द्यायला हवी होती. ती नाही, आपली आपण लावावी लागते.

एवढं सगळं साफ केल्यावर मात्र डेटा खरंच बोलायला लागतो. स्टीलचं उदाहरण माझं आवडतं. इलेक्ट्रिक आर्क फर्नेसच्या धुरातून पकडलेली धूळ म्हणजे के०६१. भट्टी पेटली की ती निघणारच, म्हणून या कोडचे टन स्टीलच्या उत्पादनामागे इमानदारीने चालतात. तिच्यात जस्त असतं, म्हणून पुष्कळ माल लँडफिलला न जाता एच०१० कडे, धातू परत काढायला जातो. रंग, औषधं आणि सेमीकंडक्टरच्या सॉल्व्हंटची गोष्ट निराळी. तिथे टन घटले याचा अर्थ उत्पादन घटलं असाच नाही. कारखान्याने सॉल्व्हंट पुन्हा वापरायला आवारातच डिस्टिलेशन बसवलं तरी घटतात.

मातीबद्दल तर काय सांगावं. एखादी जुनी शिसेवाली जागा साफ करायला घेतली की डी००८ ची (शिशाचा कोड) माती ट्रकच्या ट्रक निघते आणि त्या राज्याचा आलेख आभाळाला लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन गावात रसायनं नेणाऱ्या रेल्वेचे डबे घसरले, त्यानंतर तिथली दूषित माती मिशिगन, इंडियानापर्यंत गेली. असा डोंगर दिसला म्हणून रेल्वे हा उद्योगच जास्त कचरा करायला लागला असं लिहू नये, पण लिहितात. कॅलिफोर्नियाचं आणखी एक झेंगट आहे. केंद्राच्या यादीत नसलेला, पण राज्याने घातक ठरवलेला मालही तिथे मॅनिफेस्टवरच जातो: २२१ म्हणजे टाकाऊ तेल, ६११ म्हणजे साफसफाईतली माती. कॅलिफोर्निया आणि टेक्सास शेजारी ठेवण्याआधी हे तीन आकडी कोड बाजूला काढा.

आणि खाली गेलेल्या रेघेचंही तसंच. २०२१ मध्ये भस्मीकरणाची क्षमता कमी पडली, ड्रम जागीच तुंबले, इतके की ऑगस्टमध्ये ईपीएला त्यावर खास मेमो काढावा लागला. मोठ्या कारखान्याला एरवी ९० दिवसांत माल हलवावा लागतो. त्यांना मुदतवाढीची वाट दाखवली गेली. त्या काळात एच०४० चा, म्हणजे भस्मीकरणाचा, आकडा घसरलेला दिसला, तर 'उद्योग स्वच्छ झाले' असं म्हणणाऱ्याने एकदा ते तुंबलेलं यार्ड बघायला हवं होतं.

लोक विचारतात, मग ईपीएचा दर दोन वर्षांचा बायेनियल रिपोर्ट का नको? तोही घ्या, पण तो वेगळ्या कामाचा. विषम वर्षांचे आकडे, पुढच्या वर्षी १ मार्चपर्यंत भरायचे, आणि कारखान्यांपैकी फक्त मोठे. त्यात आवारातल्या आवारात निस्तरलेला कचराही येतो, आणि तिथे टनांच्या हिशेबात खोल विहिरींतून जमिनीखाली सोडलेलं रासायनिक सांडपाणी बाकी सगळ्यांना झाकोळून टाकतं. म्हणून त्यात टेक्सास-लुइझियाना आणि मूलभूत रसायनांचे कारखाने कायम वर. ते पाणी ट्रकवर कधी चढतच नाही. वाहतुकीचा कल बघायचा तर ई-मॅनिफेस्टच.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. फुकट, ताजं आणि ओळीओळीने मिळतं, याला पूर्ण गुण. उद्योगाचा रकाना नाही आणि एच१४१ ची गाळणी नाही, याचे दीड कापले. सुरुवात २०१८ ऐवजी २०२२ पासून करा. पहिली काही वर्षं कागद टपालाने जाऊन टाइप व्हायचे, ते ३० जून २०२१ ला बंद झालं; त्याआधीची चढती रेघ कचऱ्याची किती आणि टायपिंगची किती, हे वेगळं काढता येत नाही. आणि के०६१ बघत असाल तर मेक्सिकोला जाणारा माल विसरू नका. निर्यातीचे मॅनिफेस्ट १ डिसेंबर २०२५ पर्यंत या प्रणालीत येतच नव्हते. तेव्हा २०२६ मध्ये स्टीलच्या धुळीने उडी मारलेली दिसली, तर आधी माल घेणाऱ्याचा देश बघा.